मधला चेहरा

यात मोहनाबाईंचा फायदा काय होता, ते आधी बघून घ्यावं. फायदा नसता तर त्यांनी त्या भानगडीत बोटही घातलं नसतं. एक तर, ज्या वॉर्डातल्या झाडून सगळ्या सिस्टर रोजच्या रोज मन कसं आहे ते विचारणारं अ‍ॅप भरतील त्या वॉर्डाला एक सिस्टर जादा मिळेल, असं ऑफिसातून कळलं होतं. लेखी नाही, तोंडी, पण आशेला तेवढं पुरतं. दुसरं, ज्या वॉर्डाचं भरायचं राहील त्याच्या इन्चार्जला शनिवारच्या मीटिंगमध्ये उभं करून अगदी गोड आवाजात विचारत, "काही अडचण आहे का, बेन?" आपल्याला कुणी अडचण विचारू नये अशा बेताने जन्म काढलेल्या बाईला हे झेपणारं नव्हतं. तिसरं, इन्चार्जची खुर्ची, तिच्याबरोबर येणारी कायमची सकाळची ड्यूटी, आणि त्या ड्यूटीमुळे फतेगंजच्या घरी संध्याकाळी गॅलरीत बसून पिता येणारा चहा, हे सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. चौथा एक फायदा होता. तो मात्र त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी बोलून दाखवला नव्हता.

धक्का बसला तो एका मंगळवारी सकाळी, पाणीगेटच्या अलीकडे, रिक्षा एका गाईसाठी थांबलेली असताना. मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. उघडून बघतात तर पिवळा गोल चेहरा दात काढून हसतोय, वरून कागदाची फुलं पडतायत, आणि खाली लिहिलंय: "अभिनंदन, मोहनाबेन! तमारो वॉर्ड सौथी खुश!" म्हणजे सगळ्यात आनंदी वॉर्ड त्यांचा. मोहनाबाईंना आनंद झाला नाही. चढलेला ताप असा घसरून खाली आला की घरची माणसं देवाला हात जोडतात. नर्स आधी पेशंटचे तळवे चाचपते, गार पडलेत का ते बघायला. त्यांनी नकळत स्वतःचाच डावा तळवा उजव्या अंगठ्याने दाबून पाहिला. गाय हलली. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "मजामां ने, बेन?" तो रोजचाच होता. "मजामां," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात ऑफिसचा दुसरा निरोप आला. आपल्या वॉर्डाची तब्येत उत्तम असल्याने आपल्याकडची एक सिस्टर आजपासून आयसीयूकडे देण्यात येत आहे. सिस्टर मनाली.

मनाली. बाकी कुणीही चाललं असतं असं नाही, पण मनाली नको होती. मनाली आयसीयूतूनच त्यांच्याकडे आली होती, आणि ती चालत आली नव्हती, आणून ठेवली होती. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळकडचे. पोरगी हुशार, हाताला हलकी, शीर अशी शोधायची की पेशंटला कळायचंही नाही. पण एका आठवड्यात लागोपाठ बरेच बेड रिकामे झाले, बरे होऊन नव्हे, आणि एका दुपारी ती चादरींच्या खोलीत सापडली. एकच चादर घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी घालायची. कुणी हाक मारली की "आलेच हं" म्हणायची आणि पुन्हा उलगडायची. मग तिला "जरा आराम" म्हणून मोहनाबाईंच्या मेडिकल वॉर्डात धाडलं. मेडिकल वॉर्डात आराम असतो हे ज्यांनी ठरवलं ते कधी मेडिकल वॉर्डात आले नव्हते, हा भाग वेगळा. पण मोहनाबाईंनी तिला आपल्या काचेच्या केबिनजवळचे बेड दिले, रडके नातेवाईक स्वतःकडे घेतले, आणि एका शब्दाने तिला काही विचारलं नाही. न विचारणं ही त्यांची माया होती. त्यांना स्वतःला कुणी प्रेम करावं तर असं, असं वाटत आलं होतं.

अ‍ॅप आलं ते त्याच सुमारास. सिस्टर मंडळी थकून, कंटाळून, कुणी कॅनडाला तर कुणी माहेरी, अशी गळत चालली होती. ट्रस्टींना काळजी वाटली. काळजीचं शेवटी अ‍ॅप झालं. ड्यूटी संपली की फोन विचारायचा, "केम छो?" आणि खाली पाच चेहरे. पहिला हसून लोटपोट, दुसरा साधा हसरा, तिसऱ्याच्या तोंडाची सरळ रेघ, चौथा उतरलेला, पाचव्याच्या गालावर निळा थेंब. पाचवा दाबला की समुपदेशकाचा फोन येणार. जागृतीने, म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात वाचाळ सिस्टरने, त्याचं नावच ‘मोढां’, म्हणजे तोंडं, ठेवलं. मोढां भरलंस का, मोढां. मुळात ज्याने कुणी हे बनवलं तो बडोद्याचा नसावा. या शहरात "केम छो?" हा प्रश्न नाही. त्याला उत्तर एकच आहे, ‘मजामां’, म्हणजे मजेत, आणि ते स्मशानात जातानाही बदलत नाही. मनालीने मात्र पहिल्याच दिवशी, भुसावळच्या सरळपणाने म्हणा की काय, पाचवा चेहरा दाबला.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांचा राउंड चालू असताना. मनालीच्या हातात मोजे, सुई शिरेत, म्हणून तिने जागृतीला सांगितलं, "उचल गं, स्पीकरवर टाक, आई असेल." आणि सगळ्या वॉर्डभर एक मऊ आवाज पसरला: "मनालीजी, क्या आप इस समय सुरक्षित हैं?" मग ज्याच्या शिरेत सुई होती तो म्हातारा काका घाबरून म्हणाला, "बेन, ए तो ठीक, पण हुं सुरक्षित छुं ने?" सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर हसले, मावश्या हसल्या, मनालीही हसली. तिचे कान तेवढे लाल झाले आणि दिवसभर लालच राहिले. मोहनाबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी तो कानांचा रंग बघितला होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटताना मनालीने आपला फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. "ताई, तुम्हीच भरा ना. मला नको ते." मोहनाबाईंनी शेजारचा स्टीलचा किडनी ट्रे, कापूस-सुया ठेवायचा तो, ओढला, फोन त्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आणा गं सगळ्यांचेच. एकदम भरून टाकते."

त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि कुठल्याच जुन्या सिस्टरला वाटलं नसतं. कोरा रकाना हे नर्सचं सगळ्यात मोठं पाप. बाकी चुका पोटात घालतात. कोरा रकाना घालत नाहीत. तीन सिस्टर आणि पन्नास पेशंट अशा दिवशी टेंपरेचर चार्ट कसा भरला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी कुणाला सांगत नाही. शिकाऊ पोरगी सगळ्यांना एकच आकडा लिहून मोकळी होते आणि पकडली जाते. मुरलेली सिस्टर एकाला थोडा वर लिहिते, एकाला थोडा खाली, दुपारी जरा चढवते, संध्याकाळी उतरवते. मोहनाबाई मुरलेल्या होत्या. पहिल्या चेहऱ्याला त्या कधी गेल्या नाहीत; लोटपोट हसणारी नर्स कोण खरी मानणार? जागृतीला दुसरा, पण सोमवारी तिसरा. नाइट करून आलेलीला चौथा, पण सलग दोनदा नाही. आणि मनालीला तर त्यांनी जपून, हळूहळू बरं केलं: काही दिवस चौथा, मग अधूनमधून तिसरा, मध्ये एकदा पुन्हा चौथा, कारण खरा आजार सरळ उतरत नसतो, मग तिसरा, मग दुसरा. विषमज्वराचा ताप उतरावा तसा पायरीपायरीने. त्यांना त्या आलेखाचा मनातून अभिमान होता. आणि आपला स्वतःचा फोन त्या शेवटी उचलत, न बघता मधला चेहरा दाबत, सरळ रेघेचा. चौथा फायदा हाच होता: सगळ्यांना ‘कशी आहेस’ हे एका बोटाने उरकून टाकल्यावर त्यांना तो प्रश्न विचारायला कुणी शिल्लक राहत नव्हतं.

त्या मंगळवारी वॉर्डात पोचल्या तर मनाली लॉकर रिकामा करत होती. पाण्याची बाटली, कंगवा, एक गणपती. "मी बघते काय ते," मोहनाबाई म्हणाल्या. मनाली त्यांच्याकडे बघून हसली. दुसरा चेहरा, अगदी हुबेहूब. "राहू दे ताई," म्हणाली आणि जिन्याने वर गेली. लिफ्ट रिकामी असून जिन्याने गेली, हे मोहनाबाईंच्या दिवसभर डोळ्यांसमोर राहिलं. वरती विजयमाला होती, आयसीयूची इन्चार्ज, त्यांच्याच बॅचची. सरदार घराण्यातली, आणि आवाज असा की बेशुद्ध पेशंट डोळे उघडतात, असं पोरी म्हणत. त्या आवाजाखाली ती पोरगी. राउंड झाला, औषधं झाली, मोहनाबाई हात धुवायला बेसिनपाशी गेल्या आणि धूतच राहिल्या. साबण कधीच निघून गेला होता. पाणी बोटांवरून जात होतं, गार की कोमट ते त्यांना सांगता आलं नसतं. मागून जागृती म्हणाली, "मोहनाबेन, पाणी संपेल." तेव्हा त्यांनी नळ बंद केला, आणि तशाच ओल्या हातांनी ऑफिसात गेल्या.

ऑफिसात अनुज होता. वय कोवळं, दाढी नीट कोरलेली. काम असलं की त्यांना "बेन" म्हणे आणि काम नाकारायचं असलं की मराठीत येई. आज तो सुरुवातीपासूनच मराठीत होता. "या ताई, तुमचाच विषय चालला होता," म्हणून त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "नाव गाळलंय, पण हा तुमच्या वॉर्डातल्या एका केसचा आलेख. बघा कसा उतरत गेलाय. ट्रस्टींना दाखवला. एकजण म्हणाले, वा!" मोहनाबाईंनी बघितलं. माणसाला दुसऱ्याच्या घरात आपली हरवलेली छत्री दिसावी तसं झालं. तो मधला उंचवटा, तो पुन्हा चौथा चेहरा, तो त्यांनी एका गुरुवारी घातला होता. त्या दिवशी मनालीचं काय चाललं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"हे मी केलंय," त्या म्हणाल्या.

"तुमचंच श्रेय आहे ताई, आम्ही लिहिलंय तसं."

"श्रेय नाही रे. बोट. बोट माझं आहे. सगळ्यांचं मी भरते."

अनुज उठला, दार लोटून आला, बसला. "हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही."

"मग ती पोरगी परत दे मला."

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं खरं वय दिसलं, "तुम्हाला काय वाटतं, तुमच्याच वॉर्डात ट्रे आहे? इतकी आनंदी माणसं एका इमारतीत असती तर मी रोज जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत का बसलो असतो? पण वर गेलंय ते गेलंय. आता खाली कसं आणू?" मग म्हणाला, "म्युच्युअल करा. कुणी तिच्या जागी वर जायला तयार असेल तर दोघींची सही, बस. त्याला अ‍ॅप विचारत नाही."

"मी जाते."

"तुम्ही? इन्चार्जची खुर्ची जाईल. नाइट लागतील. या वयात?"

"कागद दे," मोहनाबाई म्हणाल्या. असं बोलल्यावर छाती हलकी होईल असं त्यांना वाटलं होतं. तशी ती झालीही, जिन्याच्या वळणापर्यंत.

संध्याकाळी गॅलरीत चहा झाला. नवरा रमाकांत, रिफायनरीतून निवृत्त, पेपर उघडून बसला होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता येतं तेवढं. "न बघता आकडा भरला?" तो म्हणाला. "आमच्याकडे गेज न बघता कुणी रीडिंग टाकलं असतं, तर आज ही गॅलरी इथे नसती. मीही नसतो."

"टाकीला काच असते. माणसाला कुठे असते?"

"विचारायचं मग तोंडाने."

"तुम्ही मला विचारता?"

"रोज विचारतो. आल्याआल्या. कशी आहेस?"

"आणि मी काय म्हणते?"

"बरी."

"मग?"

"मग काय? बरी म्हटलंस. मी पेपर वाचतो." तो हसला, मग हसणं तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मोहनाबाई कप घेऊन आत निघून गेल्या. आत ओट्यापाशी उभं राहून त्यांनी फोन काढला. पाच चेहरे. आज खरं दाबून बघू, त्यांना वाटलं, इथे कोण बघतंय. पण खरं कुठलं? ताप असला तर काखेत मोजतात, जिभेखाली मोजतात. हे कुठे मोजायचं? चौथ्यावर बोट नेलं तर वाटलं, छे, आपल्याला काय झालंय, हातीपायी धड आहोत. दुसऱ्यावर नेलं तर बोट आपोआप मागे आलं, तव्यावरून यावं तसं. चहाची चव आज लागली होती का, ते आठवून पाहिलं. काल? शेवटचं रडू कधी आलं होतं, आणि कशासाठी? आठवलं ते भलतंच. घडियाळी पोळ, लहानपणची गल्ली, सकाळ, समोरच्या ओट्यावर दातण करणारे मगनकाका, आणि आपण वडिलांचं बोट धरलेलं. आईला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं. वडिलांच्या हातात थर्मास, दाढी वाढलेली, आणि ते बोट असं थरथरत होतं की तिला वाटलं आपणच थरथरतोय. मगनकाकांनी विचारलं, "केम छो, मास्तर?" आणि वडील छान, मोकळ्या, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले, "मजामां!" त्या एका शब्दापुरतं बोट थरथरायचं थांबलं. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू झालं. तिने तेव्हाच ठरवून टाकलं असणार की या शब्दाने थांबतं. पुढच्या वळणाचं मात्र ती पोरगी विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळची पाळी सुटून दुपारची चढण्याच्या वेळेला, मोहनाबाई कागद घेऊन वर गेल्या. चपला बाहेर काढल्या. आयसीयूची फरशी पायांना गार लागली, हे त्यांना जाणवलं, आणि जाणवलं याचंच नवल वाटलं. आत यंत्रांची टिकटिक, कुणाचा तरी श्वास यंत्र घेतंय, पडद्याआड मावशी भिजलेलं काही पिळतेय. मनाली नर्सिंग काउंटरपाशी होती. डोळे सुजलेले, लपवलेले नव्हते.

"सही कर," मोहनाबाई म्हणाल्या. "तुझ्या जागी मी येते. तू खाली जा. बोलून आलेय मी."

मनालीने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "ताई, मला खाली यायचंय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? कळत नाही का मला? काल जिन्याने गेलीस."

"लिफ्टमध्ये रडू आलं असतं, कुणीतरी बघितलं असतं. जिन्यात रडून घेतलं." ती सहज बोलत होती, ताप किती ते सांगावं तसं. "इथेही रडले. काल दोनदा. तो सात नंबर गेला ना, तेव्हा."

"तेच तर मी म्हणतेय बाई. पुन्हा चादरी घडी करत बसशील."

"बसेन कदाचित. माहीत नाही. पण ताई, तुमच्याकडे मी रोज बरी होत होते. मलाच माहीत नसायचं. संध्याकाळी फोन बघायचा, तर आज मी तिसरी. पुढच्या आठवड्यात दुसरी. मला वाटायचं, ताई म्हणतायत तर असेन." तिने कागदाची घडी घातली, एकदाच, आणि त्यांच्या हातात दिली. "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. विचारलं मात्र नाहीत कधी."

मोहनाबाई काही बोलणार तोच आतून तो प्रसिद्ध आवाज आला, "चला गं, फोन टाका, मला घरी जायचंय!" विजयमाला येत होती, हातात ट्रे. तसलाच, स्टीलचा, किडनी ट्रे. मोहनाबाईंना हसू आलं आणि लाजही वाटली. आपल्याच पदराचं कापड दुसरीच्या अंगावर दिसल्यासारखं झालं. पोरी गोळा झाल्या. फोन खणखण पडले. आणि मग विजयमालेने पहिला उचलून, अंगठा अधांतरी धरून, समोरच्या पोरीला विचारलं, "हं, तुझं बोल. आधी खरं सांग, मग मी खोटं टाकते."

"पाठ गेलीये, मॅडम. आणि नवऱ्याशी भांडण."

"कशावरून? बरं, ते चहाला सांग." टक. दुसरा चेहरा. "तू?"

"कंटाळा आलाय. काहीच वाटत नाही."

"कधीपासून?" अंगठा थांबला. "उद्या तू माझ्याबरोबर बेड एकवर. एकटी राहू नकोस." टक. दुसरा. "मनाली?"

"वाईट, मॅडम. सात नंबरचा मुलगा फोन करतोय अजून. त्याला सांगितलंय, तरी करतो."

"पुढचा मला दे. मी बोलते." टक. दुसरा. सगळ्यांनाच दुसरा, हातचलाखी नाही, तिसरा नाही, सोमवार नाही. इतकं गबाळं काम मोहनाबाईंनी जन्मात केलं नसतं. त्या बघत उभ्या होत्या. ट्रे रिकामा होत गेला, पोरी पांगल्या, मनाली बेडकडे गेली आणि एका सलाईनची गाठ सोडवायला वाकली. विजयमालेने मान वर केली, आणि त्यांच्या हातातल्या घडीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आण तुझापण," ती म्हणाली. "आलीच आहेस तर. बोल, कशी आहेस?"

"मजामां," मोहनाबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

विजयमालेने अंगठा हलवला नाही. घड्याळाकडे बघितलं नाही, आणि तिला घरी जायचं होतं. यंत्र श्वास घेत होतं, सोडत होतं. मोहनाबाईंच्या उजव्या हाताचं बोट थरथरायला लागलं, घडी केलेला कागद त्याबरोबर वाजायला लागला, आणि त्या बघत राहिल्या, हे कुणाचं बोट आहे म्हणून.

"बरी नाही गं," त्या म्हणाल्या. "कधीपासून ते माहीत नाही."

"हं," विजयमाला म्हणाली, त्यांचा फोन उचलून तिने दुसरा चेहरा दाबला, ट्रे काउंटरवर ठेवला आणि स्टूल ओढून दिलं.

तर हिशेब असा झाला. ऑफिसला चेहरे मिळाले, पूर्णच्या पूर्ण. ट्रस्टींना आलेख मिळाला. जादा सिस्टर कुणालाच मिळाली नाही, आणि खाली मेडिकल वॉर्डात एक कमी झाली, ती जागृती आणि बाकीच्यांनी आपल्या पाठीतून भरली. मनालीने दिवसाला दोनदा रडून भरलं, आणि बरी असण्यापेक्षा तिला ते स्वस्त पडलं. मोहनाबाई खुर्ची द्यायला आल्या होत्या, सकाळची ड्यूटी द्यायला आल्या होत्या, गॅलरीतला चहा द्यायला आल्या होत्या. त्यातलं कुणी काही घेतलं नाही. त्यांच्याकडून घेतलं गेलं ते एवढंच: तीन शब्द, काउंटरपाशी उभ्याने, विजयमालेसमोर. आणि ते देताना त्यांना जितकं जड गेलं, तितकं याआधी कधी काही दिलेलं आठवत नव्हतं.